वैशाखातलं इरलं

वैशाखाच्या उन्हात डोक्यावर पावसाचं इरलं घेऊन चाललेला मानूस तुमी कधी बघितलाय? आमच्या दहिवलीनं बघितला. तो माझा धाकटा दीर, येसाजी. आन् त्याच्या मागं मी, सोनाबाई, कपाळ पांढरं असलेली बाई, लेकीच्या वराला सामोरी निघालेली. हसा, खुशाल हसा. त्या दिवशी अख्खा गाव हसला. मग ते हसू कुठं गेलं तेच सांगते.

माझा नवरा सहदेव गेला तवा माझी शकू रांगत होती. माथेरानला हवा खायला आलेला एक गोरा सायेब वाघ मारायला खाली उतरला होता. पाटलानं घरोघरची मानसं हाक्याला बोलावली. हाका म्हंजे डबे, ढोल बडवायचे, आरडाओरडा करायचा आन् जनावर जाळीतनं काढून सायेबाच्या बंदुकीपुढं आनायचं. दोघं भाव गेले. परत आला तो एकटा येसाजी, आन् त्याच्यासंगं घोंगड्यात बांधलेलं मढं. वाघानं फाडला म्हनाले. मी गाठ सोडायला धावले तर ह्याच येसाजीनं माझे हात धरले.

"बघू नका वैनी, बघन्यासारखं काय ऱ्हायलं नाय."

मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त काढलं, तरी त्यानं सोडलं नाय. बांधलेलं होतं तसंच जाळलं. तवापास्नं माझा नवरा सपनात यायचा, पन त्याला तोंड नसायचं.

आन् त्याच दिवसापास्नं ह्या बाप्यानं उंबरा वलांडायचं सोडलं. घरात कसा म्हनाल, तर गुनाचा. भात कांडायचा, दोर वळायचा, शकूला खांद्यावर घेऊन ह्या भिंतीपास्नं त्या भिंतीपर्यंत नाचवायचा. पन उंबऱ्याशी आला की दरदरून घाम, छाती धडधड, ओठ पांढरे फटक. त्याची ठरलेली सोयरीक मोडली. शेत अर्धेलीनं दुसऱ्याला कसायला द्यावं लागलं. फक्त पावसाळ्यात तो मागच्या परड्यात जायचा, तेबी इरलं घेऊन. कामट्यांचं आन् पानांचं आमचं इरलं डोक्यापास्नं पार कमरंखाली पाठ झाकतं. पाऊस थांबला तरी हा काढायचा नाय.

लोकांनी काय काय कारनं काढली! कुनी म्हनलं चकवा लागला, कुनी म्हनलं करनी. वैद्यानं पित्त ठरवलं. भगतानं मिरच्यांची धुरी दिली, सगळं घर खोकलं आन् भगत कोंबडं घेऊन गेला. शेजारची चिंधी म्हनायची, "वाघाची धास्ती घेतली गं सोने त्यानं."

"आगं, वाघ काय अंगनात बसतो?" मी म्हनायचे. "परड्यामागं करवंदीच्या जाळीत हा गडी खुशाल बसतो. मोकळं रान दिसलं की मरतो. वाघाला भ्यायलेला मानूस जाळीत शिरंल होय?"

मला नुसता राग यायचा. ज्याचा भाव गेला तो घरात बसला, आन् जिचा नवरा गेला ती लाकडं आनायला रानात. बाप्या हायस का कोन, असं तोंडावर बोलायचे मी. तो दोर वळायचा.

शकू लग्नाला आली. साजगावच्या मालोजीच्या मुलाचं स्थळ आलं. घर चांगलं, पोरगा चांगला. पन मालोजीच्या कानावर कुनीतरी घातलं, की पोरीचा चुलता येडा हाय, येड कुळात हाय. ऐन हळदीच्या दिवशी त्याचा निरोप आला. पोरीला बाप नाय, तर चुलत्यानं शिवंवर यायचं. वऱ्हाड गावाच्या शिवंवर आलं की मुलीच्या बापानं सामोरं जायचं, नवऱ्या मुलाचे पाय धुवायचे, गंध लावायचं, ही रीतच हाय. सख्खा चुलता जिता असताना परका मानूस चालनार नाय. येसाजी आला, चार लोकांत धड बोलला तर लगीन. नायतर गाड्या शिवंवरनंच साजगावला फिरनार.

अंगाला हळद लागलेली पोर, तिच्या दारातनं वऱ्हाड फिरलं तर पुन्हा तिला कोन करनार हो?

मी भावजींपुढं जाऊन उभी ऱ्हायले. "आज नाय आलात तर माझी पोर जलमाची घरात बसंल. तुमच्यासारखी."

"वैनी, मधी माळ हाय."

"माळ हाय, मग? गिळतोय का तो?"

मग हळदीनं पिवळी झालेली शकू आतनं आली आन् त्याच्या गुडघ्याशी बसली. "काका, याल ना वो?" एवढंच म्हनाली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"इरलं घेऊ?" त्यानं मला विचारलं.

"इरलं घ्या, टोपलं घ्या, पन चला!"

"मग तुमीबी चला. पन माझ्या मागं. म्होरं जायचं नाय, काय झालं तरी म्होरं जायचं नाय."

बाया कुजबुजल्या, शुभकार्याला ही कशाला शिवंवर? मी म्हनलं, तुमचा शकुन तुमच्या पदरात बांधा, मला माझी पोर उजवायची हाय.

निघालो. म्होरं तो इरल्याखाली वाकलेला, मागं मी, माझ्या मागं पूजेचं ताट घेतलेली मानसं आन् वाजंत्री. पोरं हसत होती, "येसूकाका, पाऊस कुठं हाय?" तो सारखा थांबायचा, धापा टाकायचा, पुन्हा चालायचा. समोर वऱ्हाडाच्या गाड्या सजून उभ्या, पन हा त्यांच्याकडं बघतच नव्हता. माळाच्या कडंच्या जाळीकडं टक लावून बघत होता.

शिवंवर मालोजी पागोटं बांधून उभा. "इरलं काढा याही," तो म्हनाला. "तोंड बघू द्या."

त्यानं काढलं. देवा, त्या उजेडात मी त्याला किती वर्सांनी बघितलं! सगळे केस पांढरे, अंग पालीसारखं फिकट. पन त्यानं पाय धुतले. गंध लावलं. पानी सांडत होतं, तरी खनखनीत बोलला, "पोर आमची गुनाची हाय. सांभाळा."

मालोजी खूश झाला. "कोन म्हनतं येडा? आरं, वाजवा रं!" आन् त्यानं पुतन्याला इशारा केला. त्या पोरानं ठासनीची बंदूक वर केली आन् आनंदाचा बार काढला.

धाडकन आवाज झाला. बैल उधळले. मला काय कळायच्या आत येसाजी माझ्या अंगावर. मला मातीत पाडून वरनं पालथा पडला आन् असा ओरडला, असा ओरडला, की आजबी माझ्या अंगावर काटा येतो.

"सायेब! मानूस हाय! जनावर नाय ओ सायेब, मानूस हाय! दादा, खाली पड! खाली पड रं दादा!"

वाजंत्री थांबली. कुनी हसलं नाय. माझ्या तोंडात माती गेलेली, आन् कानात ते शब्द. दादा म्हंजे माझा नवरा. त्याला वाघानं फाडला होता ना? मग सायेबाला कशाला हाका मारतोय हा? ऐकलं सगळं, पन डोक्यात शिरंना. शिरलं तवा वाटलं, माझाच जीव गेला.

"भावजी," मी खालनं म्हनलं, "वाघानं नव्हं?"

तो माझ्या खांद्यावर डोकं आपटत रडला. "वाघ नव्हताच वैनी. दादा जाळीतनं पयला माळावर निघाला. वळून मला म्हनला, ये रं, मोकळं हाय. तेवढ्यात पाठीत गोळी बसली. पाटील म्हनला, वाघानं मारला म्हना, खरं बोललास तर तुझी भावजय आन् पोर गावात ऱ्हानार नाय."

आता त्या पाटलाची हाडंबी मसनात गेली. मी शिव्या तरी कुनाला घालू?

माझी नजर मालोजीच्या गाड्यांकडं गेली. फिरनार आता, मला वाटलं. पन त्यानं पुतन्याच्या हातातली बंदूक हिसकली आन् गाडीत पेंढ्याखाली दाबली. मग मातीत पडलेलं इरलं उचललं, झटकलं आन् सोता येसाजीच्या पाठीवर घातलं.

"चला याही," तो म्हनाला. "मांडवात असंच चला. कोन हसतंय बघतो मी."

गाड्या दहिवलीकडं चालाय लागल्या. मी येसाजीचा हात धरला. मनगटावर माझ्या दातांचा वन तसाच होता. विचारू नको म्हनलं तरी तोंडातनं निघालंच.

"तोंड कसं होतं वो त्यांचं?"

"धड होतं वैनी," तो म्हनाला. "काय झालं नव्हतं तोंडाला."

"आरं मग गाठ का सोडू दिली नाय रं मला!"