मागची जागा

"निरगुडसरला जाशील तवा मागं माल बांधू नको, बेटा. मागची जागा मोकळी ठेव."

बापाचं ते बोलणं आठवतच जलालने कागदाचे दस्ते पुढच्या दांडीला बांधले. दोरी आवळताना पायगाडी एका अंगाला कलली, तशी त्याने ती गुडघ्याने सावरली. मागे बापाने लोहाराकडून बसवून घेतलेली लोखंडी बैठक रिकामीच होती. दस्त्यांना लागते त्याहून ती चांगली रुंद. तिच्यावर नूरबीने, त्याच्या आईने, जुन्या कपड्यांची गोधडी चौघडी घालून शिवून टाकली होती.

"अम्मा, इथं आणखी चार दस्ते मावले असते."

"मावले असते. पण अब्बांनी काय सांगितलंय?"

"कशापायी, ते न्हाई सांगितलं."

"तू विचारलंस?"

जलालने दोरीची गाठ पुन्हा आवळली. पावसाळ्यात, खोकल्याच्या उबळींमधून बाप बोलत होता तेव्हा हो म्हणण्यावाचून त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं.

त्याचा बाप पीरमहंमद जुन्नरच्या, कागद बनवणाऱ्या कागद्यांच्या आळीतला. घोटलेला पांढरा कागद टट्टूवर लादून तो आंबेगाव तालुक्यातली गावं फिरायचा. टट्टू मेलं, आणि त्याच सुमाराला मोजणीचा एक साहेब विलायतेला परत निघाला. त्याची दोन चाकांची पायगाडी पीरमहंमदने घेतली. त्याला ती चालवता कधीच आली नाही. टट्टूसारखी हाताशी धरून तो तिच्या बाजूने पायी चालायचा, आणि लोक हसले की स्वतःही हसायचा.

जलाल मात्र शिकला होता.

तो निघाला तेव्हा शिवनेरीच्या पायथ्याशी धुकं साचलेलं होतं. गावाबाहेर आल्यावर त्याने सवयीने मागे वळून पाहिलं. गडाला बुडखाच नव्हता. वरचा कडा तेवढा उन्हात, खाली नुसतं पांढरं. कुणी पाण्यात सोडलेल्या दिव्यासारखा तो हलके हलके तरंगत असल्याचा भास होत होता. मानमोडीच्या डोंगरातली लेणी डोळे मिटल्यासारखी दिसत होती. उतार लागला आणि जलालने पाय उचलून धरले. आता रस्ताच चालत होता. हरभऱ्याची शेतं, बाभळी, मोटेचं कुरकुरणं, सगळं त्याच्याकडे येत होतं आणि आवाज न करता मागे सरत होतं. आपण जागे आहोत की नाही, असं वाटून त्याने एकदा उगाचच घंटी वाजवली.

नारायणगावला चांगदेव वाण्याने त्याला अडवलं.

"राव, ही गुळाची ढेप मंचरापत्तुर ने की! मागं तर मोकळंच हाय."

"न्हाई जमायचं, काका."

"का? बायकू बसवून आनायची हाय व्हय?"

दुकानासमोरची माणसं हसली. जलालही हसला आणि पुढे निघाला. चढावर तो उतरून चालला. घोडनदीत गुडघाभर पाणी होतं, तिथे त्याने गाडी खांद्यावर घेतली. दुपार कलली तेव्हा निरगुडसरची वेस दिसली.

रखमाजी पाटील ओट्यावर अंबाडीचा दोर वळत होते. शेजारचा सोमाजी तंबाखू मळत बसला होता.

"आलं बघा बिनबैलाचं!" सोमाजी म्हणाला. "काय रं, हिला येसन कुठं घालत्यात?"

रखमाजी हसले नाहीत. जुन्नरहून आलेल्या माणसाशी ते कधीच बोलत नसत. कागद घ्यायचा तो त्यांचा पुतण्या घेई, आणि पाहुण्याला पाणी त्यांची बायको सरूबाई देत.

तांब्या घेऊन सरूबाई बाहेर आल्या. गाडीशेजारी पीरमहंमद दिसला नाही, तशा त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"पीरूदादा?"

"पावसाळ्यात गेले, आत्या."

सरूबाईंनी तांब्या खाली ठेवला. पदर डोळ्यांना लावला नाही. तुळशीपाशी जाऊन एक सुकलेलं पान तेवढं खुडलं. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की मावळतीच्या डोंगरांकडे तोंड करून हात जोडायचे, हा त्यांचा नेम होता. त्या डोंगरांपलीकडे माहेर. इथून दिसायचं मात्र काहीच नाही.

"गड कसा हाय?" त्यांनी विचारलं. दर खेपेला त्या एवढंच विचारत.

जलालने सकाळी पाहिलेलं सांगितलं. धुकं, त्यावरचं ऊन, पाण्यात सोडलेला दिवा. सरूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्याचं सांगून झालं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"आन् माझी आई?"

ओट्यावरचा दोर थांबला. या घरात सरूबाईंच्या आईचं नाव इतक्या वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

"साळुबाई आजी हायत," जलाल हळूच म्हणाला. "दिसत न्हाई आता. दार वाजलं की 'सरू आली का' म्हनत्यात. अम्मा जाती, तर तिलाबी तेच इचारत्यात."

सोमाजी तंबाखू झटकून उठला आणि आपल्या घरी गेला.

ती गोष्ट साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. सरूबाईंचं लग्न जुन्नरला लागलं. पंगती उठल्या, मानपान झाले, पण वऱ्हाडाच्या बैलांना पाणी दाखवायचं मुलीकडची मंडळी विसरली. परतीच्या वाटेवर, भर उन्हात, जुवाखालीच एक बैल बसला तो उठला नाही. रखमाजींच्या वडिलांनी जुवावर हात ठेवून सांगितलं, आमच्या घरची सून पुन्हा त्या वाटंला बैलगाडीत बसणार न्हाई. त्यांची गाडी न् आमची गाडी, सारखीच. सरूबाईंचा भाऊ एकदा मुराळी होऊन बहिणीला न्यायला आला होता. वेशीतूनच त्याला गाडीसकट परत लावला. पुढे तो प्लेगात गेला. आणि मुराळी आल्याशिवाय, पायी पायी, सून माहेरी कशी जाणार?

सरूबाई पायगाडीपाशी आल्या. त्यांनी गोधडीच्या घडीवर हात ठेवला, टाक्यांवरून बोट फिरवलं.

"नूरवहिनीनं शिवली?"

"व्हय."

"मागच्या खेपंला पीरूदादा म्हनला व्हता, आता बैल न लागनारा मुराळी धाडतो तुला. मी हसले." त्या आताही किंचित हसल्या. "लई थट्टेखोर मानूस."

जलालने त्या रुंद बैठकीकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिला. मग वाकून त्याने बैठकीचा एक खिळा विनाकारण दाबून बघितला.

रखमाजी ओट्यावरून उतरले. गाडीभोवती एक फेरी घातली, बाजारात जनावर बघतात तशी. चाकाची तार अंगठ्याने छेडली.

"ह्याला दाना काय लागतो?"

ते आपल्याशी बोलत आहेत हे जलालला क्षणभर उमगलं नाही.

"काय न्हाई, पाटील. तेलाचं दोन थेंब."

"पानी?"

"पानीबी न्हाई."

"चढाव आला की?"

"उतरून चालायचं. आत्याबी चालतील. नदीला मी हात धरीन."

सरूबाईंनी मान वर केली नाही. रखमाजींनी अर्धवट वळलेला दोर उचलला, त्याची गुंडाळी केली आणि ते गोठ्याकडे निघून गेले. त्या संध्याकाळी जलालला भाकरी वाढताना सरूबाईंचा हात दोनदा थबकला.

उजाडताना जलाल पडवीत जागा झाला तेव्हा अंगणातून बादलीचा आवाज येत होता. रखमाजी वाकून उभे होते. पायगाडीच्या पुढच्या चाकासमोर घमेलं ठेवून ते त्यात पाणी ओतत होते. काठोकाठ भरल्यावर त्यांनी बादली खाली ठेवली.

"पाटील, हिला—"

"ठावं हाय मला." रखमाजींनी मिशीवरचं दव पुसलं. "मुराळ्याच्या गाडीला पानी दाखवाया लागतं. एकदा कुनी दाखवलं न्हाई, त्यानं..."

मग तुळशीकडे बघत, स्वतःलाच समजावल्यासारखे म्हणाले, "बाचा सबूद बैलगाडीचा व्हता."

सरूबाईंनी तुळशीला पाणी घातलं, पण आज मावळतीकडे वळून हात जोडले नाहीत. हिरवं लुगडं, हातात छोटं गाठोडं. नवऱ्याच्या पाया पडून त्या निघाल्या. वेशीपर्यंत जलाल बापासारखाच गाडी हाताशी धरून चालला, आणि चार पावलं मागून सरूबाई. वेशीबाहेर त्याने उरलेले दस्ते नीट बघितले, गाडी स्थिर धरली.

"पडायची तर न्हाई ना रं?"

"धरून बसा, आत्या."

मागच्या जागेवर भार आला. चाक एकदा डगमगलं, सावरलं, आणि धुक्यातल्या वाटेला लागलं.