एमलिनला कुणाचा बळी नको होता

आमच्या वेल्श गावच्या गायकवृंदात एमलिन पहिल्या रांगेत उभा राहायचा आणि मी पियानोवर असायचे. पाटीच्या दगडाच्या खाणीत त्याचं आयुष्य गेलं, पण आवाज असा की चॅपेलच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या, खिडक्या थरथरायच्या. त्याची बायको टेगवेन म्हणायची, "घरात बोलत नाही, सगळं तिकडेच गाऊन संपवतो."

एका हिवाळ्यात रक्तात जंतुसंसर्ग होऊन त्याला इस्पितळात ठेवलं. जीव वाचला, पण घरी आला तो बहिरा होऊन. इस्पितळ म्हणालं, वयाने होतं असं. टेगवेनने विचारलं, "शनिवारी ऐकू येत होतं आणि पुढच्या शनिवारी नाही. एका आठवड्यात एवढं वय वाढतं का?" ती विचारत राहिली आणि ते सभ्यपणे टाळत राहिले. असं दोन वर्षं चाललं.

मग एका संध्याकाळी हेलेद नावाची नर्स त्यांच्या दारात उभी राहिली. चहा पुढे आला, पण तिने कपाला हात लावला नाही. म्हणाली, "तुमच्या किडन्या थकल्यात हे तपासणीत दिसलं होतं. जंतुसंसर्गाच्या औषधाचं प्रमाण कमी करायला हवं होतं, ते जास्त झालं की कान जातात. ते कुणीच केलं नाही. मीही त्या वॉर्डात होते. तुम्हाला सांगू नका, असं वरून आलं."

टेगवेनच्या ओठांवरून एमलिनला सगळं कळलं. मग उठून त्याने हेलेदचा गार झालेला चहा ओतून दिला आणि नवा करून आणला.

हेलेदने सांगितल्याचं इस्पितळाला कळलं. चूक करणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही, पण हिला मात्र वॉर्डातून काढून तळघरातल्या कचेरीत बसवलं. मग टेगवेन उठली आणि थेट नेरिसकडे गेली.

नेरिस आमची आमदार, कार्डिफच्या वेल्श संसदेत सत्ताधारी पक्षात. लहानपणी एमलिनच्याच हाताखाली चॅपेलमध्ये गायलेली. रुग्णांच्या सुरक्षेचं एक विधेयक तेव्हा संसदेपुढे होतंच. तिने त्याला दोन कलमं जोडायची ठरवली. एक, उपचारात चूक झाली तर इस्पितळाने आपणहून रुग्णाला सांगायचं. दोन, जो कर्मचारी खरं बोलेल त्याला त्रास द्यायचा नाही.

चर्चेच्या दिवशी मी त्या दोघांना गाडीने घेऊन गेले. आमच्याकडून कार्डिफ म्हणजे अख्खा देश उभा कापायचा. रस्ता वळणावळणाचा, पुढे ट्रॅक्टर, आणि मागे बसून टेगवेन मला गाडी कशी चालवायची ते शिकवत होती.

संसदेत प्रेक्षकांची गॅलरी वर, काचेमागे. दारावरच्या माणसाने एमलिनला भाषांतर ऐकायला हेडफोन दिले. एमलिनने ते गळ्यात घातले आणि म्हणाला, "हार दिला वाटतं!" बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळी गॅलरी वळून बघायला लागली.

खाली बोललेलं एमलिनच्या फोनवर अक्षरांत उमटत होतं. इंग्रजी बरं यायचं. आमचं वेल्श सुरू झालं की फोनवर भलतेच शब्द, मेंढ्या आणि बटाटे उगवायचे. मग टेगवेन आवाज न काढता ओठ हलवायची. त्या ओठांवरचं त्याला सगळं समजायचं.

आरोग्यमंत्री बोलले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. म्हणाले, कायद्याची सक्ती कशाला, आम्ही मार्गदर्शक सूचना काढू. मग विरोधी बाकावरचे प्रोथेरो उठले. एमलिनचं नाव घेऊन त्यांनी अशी काही आग पाखडली की बाकं दणाणली. "या माणसाचं गाणं कुणी हिरावलं? त्या डॉक्टरांची, नर्सेसची नावं जाहीर करा! एकेकाला घरी पाठवा!"

एमलिनने ते वाचलं आणि ताडकन उठला. "ए, माझ्या नावावर बळी मागू नकोस!"

काचेमुळे खाली काही पोचलं नाही. दारावरचा माणूस मात्र धावत आला. "आजोबा, इथे बोलायचं नसतं."

"काय म्हणतोय?" एमलिनने विचारलं.

"गप्प बस म्हणतोय," टेगवेन म्हणाली. "चाळीस वर्षं मी तेच म्हणतेय."

मतदानाआधी सभागृह थोडा वेळ थांबलं. नेरिस जिना चढून वर आली. चेहरा उतरलेला. ती एमलिनसमोर, त्याला ओठ दिसतील अशी उभी राहिली. "काका, मंत्री म्हणतात कलमं मागे घे. सूचनांमध्ये सगळं घालतो म्हणाले. आमच्या पक्षाचंही तेच म्हणणं आहे. नाही ऐकलं तर कदाचित दोन्ही पडतील आणि हाती काहीच येणार नाही."

"सूचना तेव्हा नव्हत्या का गं?"

नेरिस खाली बघायला लागली.

"वर बघ पोरी, नाहीतर मला ऐकू येत नाही." ती हसली, डोळे पुसले. एमलिन म्हणाला, "चूक माणसाकडून होते. खाणीत माझ्याही हातून व्हायची. पण आम्ही लगेच ओरडायचो, म्हणून बाकीचे वाचायचे. इथे जी ओरडली तिलाच तळघरात टाकलंय. आणि तो खालचा शहाणा नावं मागतोय. नावं मागितली की उद्या कोण तोंड उघडेल? मला कुणाचा बळी नको. त्यांनी माझ्या घरी येऊन सांगायला हवं होतं. एवढंच बोल जा."

"आणि पक्षाने तिला वाळीत टाकलं तर?" मी विचारलं.

"चॅपेलमध्ये चुकीचा सूर लावल्यावर मी तिला किती रागवायचो," एमलिन म्हणाला. "त्यापेक्षा काय वाईट करणारेत?"

नेरिस खाली गेली. तिने कलमं मागे घेतली नाहीत. हातातला कागद बाजूला ठेवून ती एमलिनचं म्हणणं साध्या शब्दांत बोलली, हेलेदचंही सांगितलं. बोलताना ती मान वर करून गॅलरीकडे बघत होती, त्याला ओठ दिसावेत म्हणून. हळूहळू सगळं सभागृहच वर बघायला लागलं. प्रोथेरो पुन्हा उठले. म्हणाले, "मघाशी मी जे मागितलं ते त्या गृहस्थांना नको असेल तर मलाही नको." आणि बसले.

पहिलं कलम मंजूर झालं. दुसऱ्याला मतं समसमान पडली, आणि अशा वेळी अध्यक्षांनी विरोधात मत द्यायचं ही तिथली रीत. ते पडलं.

टेगवेन रडायला लागली. "हेलेदचंच राहिलं."

आम्ही कोट घालत होतो तेव्हा मंत्री वर आले. एमलिनसमोर उभे राहून सावकाश म्हणाले, "दुसरं कलम मी स्वतः आणीन."

"इथे जिन्यात नको," टेगवेन नाक पुसत म्हणाली. "खाली, सगळ्यांसमोर म्हणा."

पुढच्याच आठवड्यात ते सगळ्यांसमोर म्हणाले. आम्ही टीव्हीवर बघितलं. हिवाळ्याआधी ते कलमही झालं. हेलेदला वॉर्ड परत मिळाला. पहिले काही दिवस तिथे जेवताना तिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं, हेही सांगायला हवं. मग एक जण बसली, मग दुसरी.

इस्पितळाचे प्रमुख एमलिनच्या घरी आले. त्यांना भरघोस मिशा. ते माफी मागू लागले तर एमलिन म्हणाला, "साहेब, मिशी जरा वर धरा, काहीच दिसत नाहीये." बिचाऱ्यांनी खरंच बोटांनी मिशी वर धरली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कुणीच हसलं नाही. एमलिनने त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

ऐकू काही परत आलं नाही. येणारही नव्हतं.

गेल्या महिन्यात आम्ही ब्रेड घ्यायला दुकानात गेलो, तर तिथे गावातली ओल्वेन तणतणत होती. "इस्पितळातून फोन आला! म्हणे आमच्याकडून तुम्हाला चुकीच्या गोळ्या गेल्या, घेऊ नका, लगेच या, माफ करा. गाढव लेकाचे! हे इस्पितळ आहे की काय!"

"काय म्हणतेय?" एमलिनने टेगवेनला विचारलं.

टेगवेनने ओठांनी सांगितलं. एमलिनचा चेहरा असा उजळला की ओल्वेन शिव्या द्यायची थांबली.

"त्यांनी स्वतःहून फोन केला?"

"केला ना! सकाळी सकाळी!"

"मग इथे काय उभी आहेस?" माझ्याकडे बोट दाखवत तो दुकानभर ऐकू जाईल असा गरजला. "चल, आम्ही सोडतो तुला. हिची गाडी आहे!"