फाटकावरचा कोट

मित्रांनो, मी एक जुना ओव्हरकोट आहे, पण कुणा एका माणसाचा नाही. मी एका फाटकाचा कोट आहे. लष्कराच्या एका छावणीच्या लोखंडी फाटकाशी जो शिपाई पहाऱ्याला उभा राहील त्याने मला अंगात घालायचे आणि पाळी संपली की गरम असतानाच पुढच्याच्या स्वाधीन करायचे, असा तिथला रिवाज होता.

मला एका मोठ्या कारखान्यात शिवले. कापड जाड लोकरीचे, अस्तर सुती, बटणे पितळेची. शिवताना शिंप्याने कुणाचेच माप घेतले नव्हते. सगळ्यांना व्हावा असा बेतल्यामुळे मी धड कुणालाच झालो नाही. बुटका शिपाई माझ्यात बुडून जाई आणि उंच शिपायाची मनगटे वाऱ्यात उघडी राहत.

लोक म्हणतात की कोट ऊब देतो. खरे तर माझ्याकडे स्वतःची ऊब मुळीच नाही. माझ्या धाग्यांमध्ये हवा अडकून राहते आणि ती हवा माणसाच्या अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ज्याची ऊब त्यालाच परत मिळते, मी फक्त ती अडवतो. पाळी बदलताना मात्र एकाची ऊब दुसऱ्याच्या वाट्याला येई. थंडीने काकडत आलेला शिपाई मला घालून म्हणे, "वा, चांगला तापवून ठेवलायस रे." तेवढे ऐकले की मलाही बरे वाटे.

माझ्याबाबतचे नियम कडक होते. बटणे गळ्यापर्यंत लावायची. खिशात हात घालायचे नाहीत. मला घालून बसायचे नाही. पण सर्वांत मोठा रिवाज वर्षातल्या मोठ्या सुट्टीचा होता. त्या दिवशी गाव आपापल्या घरी जेवत असे आणि फाटक उघडे टाकून चालत नसे. तेव्हा छावणीचे मोठे साहेब स्वतः फाटकावर येत, पहारेकऱ्याच्या अंगातून मला उतरवून आपल्या अंगात घालत, आणि तो आतल्या खोलीत बसून गरम जेवेपर्यंत त्याच्या जागी पहारा देत. मला घालण्याआधी ते विचारत, "घरी सगळं ठीक?" शिपायाने म्हणायचे, "सगळं ठीक आहे, साहेब." एका वर्षी, ज्याचे वडील आठच दिवसांपूर्वी वारले होते त्या शिपायानेही हेच उत्तर दिले होते. दुसरे उत्तर कुणाला माहीतच नव्हते.

मोठ्या सुट्टीला फाटकावर बहुतेक एकच जण असे. त्याला सगळे 'खांब' म्हणत. उंच, सडपातळ, कमी बोलणारा. लग्न झालेले नव्हते, आईबाप लहानपणीच गेलेले. सुट्टी जवळ आली की तो आपणहून म्हणे, "तुम्ही जा, मी थांबतो." पहिल्या वर्षी सगळ्यांनी त्याचे आभार मानले. दुसऱ्या वर्षी पाठीवर थाप मारली. मग तेही कुणाच्या लक्षात राहिले नाही. नळाला पाणी यावे तसा खांब फाटकावर असणारच, असे सगळे धरून चालले.

त्याला एक आत्या होती. तिनेच त्याला वाढवले होते. एका संध्याकाळी पाळी संपल्यावर मला न उतरवताच तो चौकीतल्या फोनशी गेला. फोन माझ्या कॉलरला टेकलेला होता, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"परवा मी दूधवाल्याला भावोजी म्हणाले," आत्या सांगत होती. "तो बिचारा हसला. मी मात्र दिवसभर रडत होते. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार."

"औषध घेतेस ना?"

"घेते. घेतलं का ते विसरते, मग परत घेते. ते जाऊ दे. या सुट्टीत ये रे. आत्ता आलास तर ओळखेन तुला. पुढचं मला नाही सांगता यायचं."

"येतो, आत्या. यंदा नक्की येतो."

त्याने फोन ठेवला. माझ्या आत त्याचे काळीज इतके जोरात धडधडत होते की पितळेचे बटणही हलत होते.

दुसऱ्या दिवशी हवालदार फाटकावर आला. पहारे लावणे हे त्याचेच काम.

"हवालदारसाहेब, यंदा सुट्टीला मला जरा..."

"तुझी काळजीच नाही," हवालदार म्हणाला. "तू आहेस म्हणून मला झोप लागते बघ. बाकीच्यांना कालच सोडलं. गवई तर गाडीत बसलासुद्धा. पोरीसाठी एवढी मोठी बाहुली घेतलीय, तिलाच तिकीट काढावं लागणार. बायकापोरांची माणसं ही, काय करणार. तुझं बरंय, ना आगा ना पिछा. हं, काय म्हणत होतास?"

आपण गेलो तर कुणाला तरी वाटेतून परत बोलवावे लागेल, हे खांबाला कळले.

"काही नाही," तो म्हणाला.

सुट्टीचा दिवस उजाडला तो ढगाळ. वारा फाटकाच्या गजांतून शीळ घालत होता. दुपारी साहेब आले, मागून जेवणाचा डबा घेऊन हवालदार आला. तोपर्यंत मला वाटत होते की आज खांब बोलेल. साहेब माणूस चांगला होता. खांबाने नुसते 'आत्या' म्हटले असते तरी साहेबांनी त्याला आपल्या गाडीतून स्टेशनावर पोचवले असते आणि पहाऱ्याला मला घालून स्वतः उभे राहिले असते.

"घरी सगळं ठीक?" साहेबांनी विचारले. मग त्याच्याकडे नीट बघत म्हणाले, "गेल्या वर्षीही तूच होतास ना? तुझ्या घरी कोण कोण असतं?"

नेहमीच्या प्रश्नापुढे एक प्रश्न आला होता. खांबाने श्वास घेतला. माझी छातीवरची शिवण ताणली गेली.

"याचं कुणी नाही साहेब," हवालदार हसत म्हणाला. "हा आमचा सुट्टीचा खांब."

"मग आम्हीच तुझं घर," साहेब म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

खांबाने तो श्वास हळूहळू सोडला. "सगळं ठीक आहे, साहेब," तो म्हणाला, आणि माझी बटणे काढू लागला.

गेलेले परत आल्यावर त्याला रजा मिळाली. ते दिवस मी इतरांच्या अंगावर काढले. तो परतला, मला घालून उभा राहिला, तेव्हा गवई त्याच्याशी बोलायला आला. गवई म्हणजे सतत काहीतरी गुणगुणणारा तो बाहुलीवाला शिपाई. रजेवर निघताना खांबाने आत्याच्या आजाराचे त्याला सांगितले होते.

"कशी आहे आत्या?"

"बरी आहे. मला ओळखलं नाही."

"एकदम नसेल ओळखलं. नंतर?"

"नंतरपण नाही. पाहुणा समजली. जेवायला वाढलं, आग्रह करकरून. म्हणाली, माझा भाचा तुझ्याएवढाच आहे, फौजेत. सुट्टीला यायचाय."

"तू सांगितलं नाहीस?"

"मी म्हटलं, आत्या, मीच तो. तर म्हणाली, म्हातारीची थट्टा करू नये. अंधार पडायला लागला तशी म्हणाली, आता नीघ बाळा, एकच खाट आहे, ती त्याच्यासाठी झाडून ठेवलीय."

"मग?"

"स्टेशनावर झोपलो. सकाळी परत गेलो, तर दारातच विचारलं, कोण पाहिजे?"

"मला सुट्टीआधीच सांगायचं होतंस रे. मी थांबलो असतो."

"तुझी पोरगी वाट बघत होती," खांब म्हणाला.

हवालदार चौकीच्या दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले. त्या दिवसापासून त्याने त्याला खांब म्हणणे सोडले. पुढच्या वर्षी सुट्टी जवळ येताच तो आधी त्याच्याकडेच आला. म्हणाला, "यंदा सगळ्यांच्या आधी तू जा."

"कुठे जाऊ, हवालदारसाहेब? लावा मलाच."

आणि त्या वर्षीही मी त्याच्याच अंगावर होतो.

पुढे हलके, नव्या कापडाचे कोट आले. मला कोठीत सर्वांत खाली ठेवले गेले. मला उन्हात घालायचे कुणाच्या ध्यानात आले नाही, आणि एकेका हिवाळ्यात कसर नावाची कीड मला खात गेली. आता अस्तर तेवढे शाबूत आहे. कोट काही तक्रार करत नाही, म्हणून तो ठीक आहे असेच सगळ्यांना वाटते.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत एखादे माणूस असेल, जे दर वेळी म्हणते, "तुम्ही जा, मी थांबतो." त्याला विचारा, तुला कुठे जायचे होते का? सगळ्यांदेखत नको, बाजूला घेऊन विचारा. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला उत्तर देऊ देऊ नका. आणि तो "सगळं ठीक आहे" म्हणाला, तर लगेच निघून जाऊ नका. थोडा वेळ तिथेच उभे राहा.