निर्भेळची बरणी

"आजपासून मृत्यूला आपला कारभार आवरता घ्यावा लागेल!" असं मोठ्या डॉक्टरांनी रुग्णालयाच्या सभागृहात जाहीर केलं, तेव्हा टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. एका माणसाचं मूत्रपिंड काढून दुसऱ्या माणसाच्या पोटात बसवलं गेलं होतं. तळघरातल्या प्रयोगशाळेत कुत्र्यांची हृदयं इकडची तिकडे चालली होतीच. मूत्रपिंड टिकलं की पुढची पायरी माणसाचं हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मग छाती भरून घेऊन त्यांनी एक वाक्य थेट इतिहासाला उद्देशून सुरू केलं. इतक्यात हेडनर्स मागच्या दारानं आत आली आणि त्यांच्या कानाशी लागली. ती हलक्या आवाजातच बोलली, पण माइक चालू होता.

"सर, पेशंटला अजून लघवी झालेली नाही."

इतिहास तिथेच थांबला. मृत्यूचा कारभार दुपारच्या चहापर्यंत पूर्ववत चालू राहिला.

ताईला ही हकीकत नंतर तिच्या नवऱ्यानं रंगवून सांगितली. सभा चालली होती तेव्हा ती वरच्या मजल्यावर उजव्या कुशीवर पडून होती. डाव्या कुशीत आडवा मोठा छेद होता आणि वाटेत येत होता म्हणून फासळीचा एक तुकडाही काढलेला. तिचं डावं मूत्रपिंड आता धाकट्या भावाकडे राहायला गेलं होतं.

या भावाला सगळी गल्ली 'निर्भेळ' म्हणायची. त्याचं दुधाचं दुकान होतं आणि दुकानावर 'निर्भेळ दूध' अशी हातभर पाटी होती. ज्या सुरात लोक टकल्या माणसाला 'केशव' म्हणतात त्याच सुरात ते त्याला निर्भेळ म्हणत. बिचाऱ्यानं जन्मात दुधात पाणी घातलं नव्हतं. पण दूधवाला पाणी घालत नाही यावर विश्वास ठेवायचा तर मग माणसाला दुसऱ्या कशावरही विश्वास ठेवावा लागेल, असा गल्लीचा हिशेब. ताई मात्र त्याला बाळच म्हणायची. आई गेली तेव्हा तो बोबडं बोलत होता. त्याला भरवण्यापासून चपलांचे पट्टे लावून देण्यापर्यंत सगळं तिनंच केलं होतं. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं तेव्हा तिनं फार चर्चा केली नाही. "माझ्याकडे दोन आहेत ना?" एवढंच म्हणाली. जणू घरात छत्र्या दोन होत्या.

"अगं, पण डॉक्टरांनी हे आजवर कितीसं केलंय?" नवऱ्यानं विचारलं होतं.

"तुम्ही लग्न तरी आधी कितीसं केलं होतंत?" ताई म्हणाली. विषय संपला.

ऑपरेशनच्या आधी मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समजावलं होतं. शरीर हे घरासारखं असतं. अनोळखी कुणी आत शिरलं की ते धक्के मारून बाहेर काढतं. म्हणून क्ष-किरणांचा मारा करून आणि गोळ्या देऊन त्याची ओळखण्याची शक्तीच दुबळी करायची.

"मी अनोळखी?" ताईला ते फारच लागलं. "याचं नाक पुसण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय!"

शक्ती दुबळी केल्यामुळे निर्भेळला साध्या सर्दीचंही भय होतं. त्याला काचेच्या बंद खोलीत ठेवलं होतं. आत जाणारे तोंड बांधून, धुतलेले झगे घालून जात. बाकीच्यांनी काचेबाहेर उभं राहायचं आणि भिंतीवरच्या फोनवर बोलायचं. खोलीत खिडकीपाशी एक मोठी काचेची बरणी होती, तिच्यावर मापाच्या खुणा, आणि शेजारी त्याच्या प्यायच्या पाण्याचा लहान माठ. दिवसभराची लघवी निर्भेळ पडद्याआड जाऊन स्वतःच तिच्यात ओतायचा. नर्सला त्यानं सांगून टाकलं होतं, "मापाचं काम माझं. तो माझा धंदा आहे." रोज सकाळी हेडनर्स बरणी उचलून काचेला लावायची. बाहेर डॉक्टर, विद्यार्थी आणि ताईचा नवरा असे सगळे माना वर करून बघत. ज्या घरात त्या गोष्टीचा उच्चार 'जरा जाऊन येतो' यापलीकडे कधी गेला नव्हता, त्या घरातला जावई आता जिन्यातूनच ओरडायचा, "कालच्यापेक्षा जास्त आहे गं!"

ताईला पहिल्यांदा खुर्चीत बसवून काचेपाशी आणलं, तेव्हा बरणी जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली होती. ती हसली. टाके ओढले गेले तशी कळवळली आणि पुन्हा हसली.

"बघ तुझा माल," निर्भेळ फोनवर म्हणाला. "एक नंबर आहे."

"नीट वापर. परत मागणार नाही."

पुढचा आठवडा संपत आला तशी बरणी उतरू लागली. आधी गळा सुटला, मग खांदा सुटला. डॉक्टर आपसात हळू बोलू लागले. ताईनं एका सकाळी ती पाऊण रिकामी बरणी पाहिली, खाटेवर परत आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

नवरा माणूस सरळ. पोटात काही ठेवायचं नाही एवढं एकच पथ्य तो पाळायचा. त्यानं जाऊन फोनवर मेव्हण्याला सगळं सांगितलं. "अरे, कालपासून अन्नाला शिवली नाही. म्हणते, माझंच काहीतरी खराब असणार. त्याला सडकी वस्तू दिली म्हणते."

"असं म्हणते?"

"रडते पण. मला बघितलं की थांबते."

निर्भेळनं खिडकीपाशच्या बरणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "दाजी, तिला उद्या सकाळी घेऊन या. बरणी बघायला."

दुसऱ्या दिवशी बरणी निम्म्यावर आली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी वर. ताई जेवली. हळूहळू भिंतीला धरून स्वतःच काचेपर्यंत चालत येऊ लागली. मोठ्या डॉक्टरांनी आलेख काढायला सांगितला. त्याची रेघ अशी काही चढत होती की तिच्याकडे बघून त्यांनी क्ष-किरणांचा पुढचा मारा लांबणीवर टाकला. एकच कटकट होती. रक्ताची तपासणी काही वेगळंच सांगत होती. रक्तातली घाण कमी व्हायच्या ऐवजी वाढत होती आणि निर्भेळचा चेहरा सुजत चालला होता.

"रक्त नेहमीच मागे असतं," डॉक्टर म्हणाले. "ते येईल रांगेत."

रक्त रांगेत आलं नाही. आला तो प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला, जिने चढून धापा टाकणारा माणूस. त्याच्या हातात एक उंच नळकांडं होतं आणि त्यात तरंगणारी काचेची नळी. ताई तेव्हा काचेपाशीच उभी होती.

"सर, मी तीनदा नळी बदलली," तो डॉक्टरांना म्हणाला. "मला वाटलं नळीच बिघडलीय. पण हे पाणी आहे."

"मूत्रात पाणीच असतं," डॉक्टर त्रासून म्हणाले.

"हो सर. पण यात दुसरं काही फारसं नाहीच. आपल्या नळाचं आहे हे."

ताई त्या तरंगणाऱ्या नळीकडे बघत राहिली. तशीच नळी निर्भेळच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असायची. कुणी संशय घेतला की तो ती गिऱ्हाइकासमोर दुधात सोडायचा. ताई स्वतः तर दुसऱ्याच्या दुधातलं पाणी रस्त्यापलीकडून, नळीशिवाय ओळखायची. आणि इथे रोज सकाळी बरणीचा रंग फिका होत होता, आणि ती म्हणत होती, किती स्वच्छ आहे बघा.

निर्भेळनं फार आढेवेढे घेतले नाहीत. निकामी मूत्रपिंडाच्या माणसाला पाणी मोजून देतात: काल बरणीत जेवढं आलं तेवढं, आणि वर एक पेला. त्यानं आपलं प्यायचं पाणी बरणीत ओतलं. बरणी वाढली म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त पाणी मिळालं. तेही त्यानं ओतलं. ज्या युक्तीवर दुसरा दूधवाला बंगला बांधतो, ती त्यानं आयुष्यात एकदाच केली, आणि तीही स्वतः तहानेनं व्याकूळ होऊन. सूज चढली होती, ओठ फुटले होते, आणि माठातलं गार पाणी तो आपल्याच हातानं बरणीत ओतत होता.

डॉक्टर त्याच्यावर ओरडले. मग काचेबाहेर येऊन पायरीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

क्ष-किरण दिले, गोळ्या वाढवल्या. बरणी तळाला गेली ती गेलीच. ताईनं डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून एकच प्रश्न विचारला. हे आधी कळलं असतं तर?

सभागृहातला आवाज कुठेतरी हरवला होता. "माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक तरीही गेलं असतं. किंवा नसतंही. बाई, आम्हाला फार थोडं कळतं."

काही दिवसांनी हेडनर्सनं ताईला खोलीत सोडलं. झगा नाही, तोंडाला फडकं नाही. ताई दारातच थबकली. आत सोडताहेत याचा अर्थ तिला कळला. "त्याला जे हवं असेल ते द्या आता," हेडनर्स म्हणाली आणि दार उघडंच ठेवून गेली.

ताई खाटेवर बसली. त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"का रे असं केलंस?"

"दाजी म्हणाले, तू जेवत नाहीस."

"म्हणून? मेल्या, आयुष्यभर दुधात थेंब घातला नाहीस!"

"तेच चुकलं," निर्भेळ म्हणाला. "घातला असता तर हात बसला असता. सापडलो नसतो."

ताईला हसू आलं आणि ते अर्ध्यातच फुटलं. "माझंच खराब निघालं रे, बाळ."

"तुझं नाही गं. माझंच घर वाईट. पाहुण्याशी कसं वागावं, कळत नाही." दम लागला म्हणून तो थांबला. "तुला दुखतं का अजून?"

"खोकले की."

"मग खोकू नको."

मोठे डॉक्टर आत आले. आज बरोबर विद्यार्थी नव्हते, माइक नव्हता. खाटेच्या पायथ्याची दांडी धरून ते उभे राहिले आणि बोलू लागले. तुम्ही दोघांनी जे दिलंत ते वाया जाणार नाही. यातूनच आम्ही शिकू. उद्या मूत्रपिंडं टिकतील, हृदयंसुद्धा टिकतील, जी माणसं आज जातात ती उद्या आपल्या पायांनी घरी जातील, आणि त्या प्रत्येक घरावर तुमचं ऋण असेल. मनुष्यजात... इथे त्यांचा आवाज चिरकला, पण त्यांनी वाक्य सोडलं नाही, शेवटापर्यंत नेलं. ते खरं बोलत होते. ताईलाही ते खरं वाटलं, आणि त्याचं करायचं काय ते कळेना.

निर्भेळनं सगळं नीट ऐकून घेतलं. दुकानात गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं ऐकताना हलवायचा तशी मान हलवली. मग त्यानं डोळे ताईकडे वळवले आणि खिडकीतल्या माठाकडे बोट केलं.

"ताई, घोटभर पाणी दे ना. पितो. खरंच."