मामंजींचं नाव मी मागितलं

मी एका तालुक्याच्या दवाखान्याची वेबसाइट बोलतेय. मला तोंड नाही, पण तुम्ही मला उघडता तेव्हा तुमचं बोलणं माझ्या कानावर पडतंच. नारीन शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरात, जिथं घोडे जास्त आणि डॉक्टर कमी, तिथली मी.

माझा जन्म घाईगर्दीतला. वरून हुकूम आला की प्रत्येक दवाखान्याची वेबसाइट पाहिजे, आणि हिशेबनिसाच्या भाच्यानं मला कशीबशी उभी केली. माझ्या माथ्यावर मोठ्या डॉक्टरसाहेबांचा हातात फुलं घेतलेला फोटो लागला. त्याखाली त्यांचं भाषण, त्याखाली आणखी फोटो, आणि पार तळाशी 'नंबर लावा'. तिथली पहिली चौकट रुग्णाच्या नावाची, वडिलांच्या नावासकट. मला माझ्या रूपाचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

हृदयाच्या डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा राजधानीतून, बिश्केकहून येतात. त्यांचा नंबर फक्त माझ्याकडं लागतो. खिडकीवरची बाई सगळ्यांना एकच ऐकवते, "फोन आहे ना हातात? मग घरी बसून भरा." लोक भरतही. पण कितीतरी जणी त्या पहिल्या चौकटीपर्यंत यायच्या, थबकायच्या आणि निघून जायच्या. मला राग यायचा. एवढं साधं विचारलंय, तेही सांगता येत नाही? दवाखान्यातले लोकही म्हणायचे, "आपल्या माणसांना शिस्तच नाही." ते मला पटायचं.

मग वसंतात बेगायिम आली. ती इथलीच पोर, नारीनला शिकते. जुनी वेबसाइट घ्यायची, ती वापरणाऱ्या माणसांना भेटायचं आणि मग ती नव्यानं बांधायची, असं काम तिला कॉलेजनं दिलं होतं. तिनं मला निवडलं.

ती घरोघर फिरली. प्रत्येक घरात चहा, तळलेल्या पिठाचे बोरसोक, वर साय. "वेबसाइट कशी वाटते?" असं तिनं विचारलं की उत्तर ठरलेलं, "छान आहे गं पोरी, फार छान. तू साय घे." दारात आलेल्या पाहुण्यासमोर कशाला नावं ठेवण्याची इथं रीतच नाही. बेगायिम खूश झाली. मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढले.

तिला कॉलेजात शिकवणाऱ्या दामिराबाईंनी मात्र दोघींनाही खाली उतरवलं. फोनवर त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी छान म्हटलं? मग तू पाहुणचार घेऊन आलीस, माहिती नाही. आता काही विचारू नकोस. शेजारी बस आणि नुसती बघ."

म्हणून बेगायिम नुर्झामालच्या घरी पुन्हा गेली. नुर्झामाल त्या घरची सून. नवरा रशियात बांधकामावर. सासरे छातीच्या दुखण्यानं हिवाळाभर उशीला टेकून बसलेले. लेकाला परमुलखात उगाच घोर नको म्हणून त्याला कोणी कळवलं नव्हतं, आणि घरातलं दुखणं शेजारी सांगायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक.

"वहिनी, मामंजींचा नंबर लावा ना. मी काही बोलणार नाही," बेगायिम म्हणाली.

नुर्झामालनं मला उघडलं. हे बोट माझ्या ओळखीचं होतं. हिवाळ्यात ते कितीदा तरी येऊन गेलं होतं. साहेबांची फुलं, भाषण, फोटो, सगळं भराभर ओलांडून ते नावाच्या चौकटीवर आलं आणि थांबलं. मग तिनं हळूच लिहिलं, 'मामंजी'. मी नेहमीसारखी लाल अक्षरं दाखवली : 'नाव चुकीचे आहे.'

"बघ, हे असं होतं," ती खाली मान घालून म्हणाली.

"अहो, खरं नाव लिहा ना!"

"सासऱ्याचं नाव? मी?" तिनं दाराकडं पाहिलं. "तोंडानं घेतलं काय नि बोटानं लिहिलं काय, नाव ते नावच. आईनं सासरी पाठवताना शपथ घातलीय मला."

बेगायिमनं सासूबाईंना हाक मारली. "आजी, तुम्ही तरी सांगा."

"मी?" म्हातारी डोक्याचा रुमाल सावरत म्हणाली. "संसार सरला, नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, आता काय तुझ्या फोनसाठी घेऊ? मी 'म्हातारं' म्हणते. तसं लिही."

उशीवरून खोकल्यासारखं हसू आलं. "पोरी, इकडं आण ते यंत्र. या घरात माझं नाव घेणारं कोणी उरलंच नाही. आई होती, ती गेली." श्वास पुरेना म्हणून ते थांबले. मग लहान मुलानं शाळेत सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "एसेनकान. शार्शेचा मुलगा."

नुर्झामाल कानांवर हात ठेवून बाहेर गेली. बेगायिमनं नाव लिहिलं आणि मी लगेच नंबर दिला. इतकं सोपं होतं ते. मी हिवाळाभर ते अवघड करून ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी एसेनकान आजोबांना तपासलं. दोन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर औषधांनी सावरले असते, आता फक्त त्रास कमी करता येईल, असं त्या म्हणाल्या. हे सांगायला नुर्झामाल बेगायिमकडं आली तेव्हा मी तिच्या टेबलावर उघडीच होते.

"माझंच चुकलं गं," नुर्झामाल रडत म्हणाली. "रीत धरून बसले आणि माणूस घालवायला निघाले."

"नाही वहिनी. चूक विचारणाऱ्याची आहे," बेगायिम म्हणाली.

विचारणारी मी होते. मला शिव्या खायची सवय आहे, पण हे वाक्य लागलं. आजोबा जूनमध्ये गेले.

बेगायिमचं काम अजून कागदावरच आहे. तिच्या नव्या चित्रात माथ्यावर फोटो नाही. पहिलाच प्रश्न आहे, 'कोणासाठी आलात?' आणि खाली सासरे, सासू, नवरा, दीर, मूल, स्वतः. एका बोटानं निवडायचं, फोन नंबर द्यायचा, नाव दवाखान्यातली नर्स रुग्णालाच विचारेल. ते चित्र मोठ्या डॉक्टरसाहेबांनी पाहिलं. "हुशार आहेस पोरी. शरदात बघू," ते म्हणाले. "आणि माझा फोटो कुठं गेला?"

म्हणून मी अजून जिवंत आहे. माझ्यासारख्या आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलट आहे. बेगायिम, माझ्यावर दया करू नकोस, शरदाची वाट पाहू नकोस. मला पुसून टाक.

आज सकाळी वरच्या गावातून एक बाई आली. तिनं चौकटीत 'सासूबाई' लिहिलं, आणि मी लाल अक्षरं दाखवली. तिनं मला अजून बंद केलेलं नाही. मागं कोणीतरी दम लागल्यासारखं श्वास घेतंय, आणि ती दुसरं काहीतरी लिहून बघतेय.