सात नंबरचं टेबल

“मोहनचा आवाज मला काही बरा वाटला नाही गं,” वासंतीमावशी पुण्याहून फोनवर म्हणाली, तेव्हा सुखदा चार वर्षांच्या स्पृहाला वरणभात भरवत होती. “बोलताना धाप लागत होती त्याला. मला म्हणतो, जिना चढून आलोय. अगं, पण तो तर तळमजल्यावर राहतो!”

“मावशी, तू पण ना! त्याच्याकडे वॉशिंग मशीन तळघरात आहे. कपडे घेऊन वर आला असेल.”

“असेल बाई. पण तू एकदा नीट विचार त्याला. माझं कुठे ऐकतो तो.”

“विचारते,” सुखदा म्हणाली आणि तिने पुढचा घास कालवला.

काळजी करायला सुखदाला कोणी शिकवायची गरज नव्हती. स्पृहा शिंकली तरी ती थर्मामीटर काढायची. दुकानातून आलेली दुधाची बाटली पुसल्याशिवाय फ्रिजमध्ये जात नसे. पण मेलबर्नचा तो लांबलचक लॉकडाऊन नुकता कुठे सैल झाला होता. पॉइंट कुक उपनगरातल्या त्या घरात तीन माणसं आणि दोन लॅपटॉप महिनोन्‌महिने एकमेकांना घासत राहिले होते. आणखी एक काळजी उचलून घ्यायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तरी तिने मामाला मेसेज केला : घसा कसा आहे?

उत्तर तासाभरात आलं. ‘घोगरा. निवडणुकीत सगळ्यांचाच बसतो!’ पुढे हसरा चेहरा.

संपलं. तिने विचारलं होतं, त्याने सांगितलं होतं.

मोहनमामा पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात राहायचा. बिस्किटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्याने फुटकी बिस्किटं पट्ट्यावरून बाजूला काढली. मामी गेल्यावर तो एकटाच होता. सुखदाची आई ती बारावीत असताना वारली आणि दोन वर्षांनी ती अॅडलेडला शिकायला आली, तेव्हापासून दर रविवारी सकाळी मामाचा फोन यायचा. तिथल्या मॉसन लेक्स भागातल्या त्या खोलीत, जिथे आठवडाभर तिच्याशी मराठीत कोणी बोलत नसे, तिथे तो विचारायचा, “काय जेवलीस?” आणि मग स्वतः काय जेवला ते सांगायचा. दुसरं काही नसायचं बोलण्यात. पण तो एक फोन नसता, तर पहिल्याच हिवाळ्यात तिने बॅग भरली असती.

त्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक त्याच्याच राज्यावर येऊन अडणार, असं सगळे म्हणत होते. टपालाने आलेल्या मतांचे ढीग लागले होते आणि नेहमीचे म्हातारे मदतनीस करोनाच्या भीतीने घरी बसले होते. मामा मात्र काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात जाऊन नाव नोंदवून आला. त्याला मतांची पाकिटं फोडायचं काम मिळालं. आनंद नुसता उतू जात होता त्याचा.

“सुखदे, सात नंबरचं टेबल! डावीकडची शेवटची खुर्ची. कॅमेरा लावणार आहेत हॉलमध्ये, कोणीही घरबसल्या बघू शकतं. माझी पाळी दुपारी तीन ते अकरा. फोन दारातच काढून ठेवायचा असतो, तेव्हा मला फोन करत बसू नकोस. बघ फक्त!”

“मामा, तू काय अध्यक्ष होणार आहेस का?”

“मी नाही गं. पण जो होईल तो माझ्या हाताखालून जाणार!”

बुधवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या मंगळवारी दुपारी, सुखदाने नाश्त्याच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पत्र्याचं उंच छप्पर, पांढरे दिवे, ओळीने टेबलं. कॅमेरा लांब, चित्र धूसर. सातवं टेबल, डावीकडची शेवटची खुर्ची. तिथे निळी टोपी घातलेला, किंचित पोक काढलेला एक माणूस मास्क लावून पाकिटं फोडत होता.

“स्पृहा, धावत ये! मामाआजोबा!”

“Where? Which one?” स्पृहा स्क्रीनला नाक लावून म्हणाली. “He’s so tiny!”

“टोपी कधीपासून घालायला लागले मामा?” तिच्या नवऱ्याने, हृषीकेशने, कॉफी ओतता ओतता विचारलं.

“थंडी आहे रे तिकडे.”

पुढचे चार दिवस त्या घरात असेच गेले. जग आकडे बघत होतं, सुखदा एक माणूस बघत होती. हृषीकेशची मीटिंग म्यूटवर गेली की तो ओरडायचा, “काय, कोण पुढे आहे?” आणि सुखदा सांगायची, “मामा पाणी प्यायला उठलाय.” तिने स्क्रीनचे फोटो काढून मावशीला पाठवले. मावशीने बिल्डिंगभर दाखवले. ‘बसलाय ना व्यवस्थित? मग झालं,’ असा तिचा मेसेज आला. मंगळवारपासून मामाचा मेसेज नव्हता. गुरुवारपासून तर सुखदाच्या मेसेजपुढे एकच टिक दिसत होती. फोन बंद ठेवून जात असेल, पाळी संपल्यावर दमून झोपत असेल. दिसत तर होता. डोळ्यांसमोर होता.

रविवारी सकाळी उठली तर राज्याचा निकाल लागला होता आणि देशाचाही. मोजणी अजून संपली नव्हती, पण हॉलमध्ये कोणीतरी डोनट्सचे खोके आणले होते. सगळे उठून मागे भिंतीकडे, कॅमेऱ्याच्या अगदी खाली आले. निळ्या टोपीवाल्याने टोपी काढली, मास्क हनुवटीवर ओढला आणि डोनटचा घास घेतला. भरघोस पांढऱ्या मिशा होत्या त्याला. माणूस गोरा होता.

स्पृहाच आधी बोलली. “Mummy, that’s not him.”

हृषीकेश वाकून बघत राहिला. “सुखदा,” तो हळूच म्हणाला, “मामांना फोन लाव.”

फोन बंद होता. मामाच्या एकाही शेजाऱ्याचा नंबर तिच्याकडे नव्हता. इतक्या वर्षांत तो मागावा असं कधी सुचलंच नव्हतं. चित्राच्या खाली काउंटीचा नंबर होता, तो तिने लावला. एका बाईने उचलला. मोहन? हो हो, ओळखते ना. तो आलाच नाही. मंगळवारी सकाळीच त्याचा फोन आला होता : खोकला आहे, बाकीची माणसं वयस्कर आहेत, त्यांना माझ्याकडून काही व्हायला नको, सात नंबरला दुसरं कोणी बसवा. तीनतीनदा सॉरी म्हणाला बिचारा. कसा आहे तो आता?

सुखदाने तिकडच्या पोलिसांना फोन केला, पत्ता सांगितला, दार वाजवायला सांगितलं. नंतरची पंचेचाळीस मिनिटं ती ओट्याला टेकून उभी होती. बाहेर शेजारी गाडीत खुर्च्या भरत होते. दुसऱ्या दिवसापासून घरापासून पंचवीस किलोमीटरची मर्यादा उठणार होती, लोक समुद्रावर जायचे बेत करत होते.

पोलिसाचा आवाज तरुण होता. आपण बसलेल्या आहात का, असं त्याने विचारलं, आणि पुढचं ऐकायची गरज उरली नाही. दार तोडावं लागलं होतं. मामा स्वयंपाकघरात, खुर्चीवर. बहुतेक गुरुवारपासून.

गुरुवारी सुखदाने मावशीला सात फोटो पाठवले होते.

देशाबाहेर जायला तेव्हा सरकारची परवानगी लागायची. तिने फॉर्म भरला. नात्याच्या रकान्यात ‘अंकल’ लिहिलं आणि त्या शब्दाकडे बघत बसली. उत्तर यायच्या आत तिकडे अंत्यसंस्कार उरकले होते. पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा मिनिटं तिने ते पाहिले, तिकडच्या कोणाच्या तरी टॅब्लेटवरून. पुण्यात मावशी नीट दिसत नव्हती, तिने कॅमेरा कपाळाकडे धरला होता.

“हिरव्या स्वेटरमधली ती बाई कोण गं?”

“काउंटीच्या ऑफिसातली. मामाने आजारी असल्याचं तिला कळवलं होतं.”



“तिला कळवलं,” मावशी म्हणाली. “मला नाही कळवलं.”

“मावशी, तुला काळजी वाटेल म्हणून—”

“वाटली होती की. मी तुला सांगितलं होतं.”

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली आणि डोळे पुसायला फोन खाली ठेवला. पडद्यावर तिच्या घराचं छत दिसत राहिलं.

शनिवारी दिवाळी होती. पॉइंट कुकच्या मराठी ग्रुपवर सकाळपासून चकल्यांचे, कंदिलांचे फोटो येत होते. सुखदाने दोनदा लिहून खोडलं आणि तिसऱ्यांदा पाठवून दिलं :

‘सणाच्या दिवशी लिहितेय, माफ करा. तुमचंही कोणीतरी असेल, लांब, एकटं राहणारं, विचारलं की मजेत आहे म्हणणारं. ते ऑनलाइन दिसतं का, कुठल्या फोटोत दिसतं का, हे बघून गप्प बसू नका. आज फोन करा आणि आवाज ऐका. एक वाक्य पूर्ण बोलता येतं का, ते ऐका. उचलला नाही, तर शेजाऱ्याला दार वाजवायला सांगा. शेजाऱ्याचा नंबर आहे ना तुमच्याकडे? आधी तो बघा.’