पहाटेचं रक्त

आमच्या घराण्यात पहाट रक्तातच आहे, असं पाववाला येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. आजोबा अंधारात उठून भट्टी पेटवायचे, वडील पेटवायचे, आता तो पेटवतो. घराण्याला बट्टा लावला तो एकट्या मुलाने. बाप त्याला सूर्यवंशी म्हणायचा. उन्हं अंगावर आल्याशिवाय स्वारी हलायचीच नाही. पोराच्या हाताला चव होती, पण ती काय चाटायचीय? भट्टीची किल्ली पुतण्याला देणार, असं पाववाल्याने जाहीर करून टाकलं. पोरगा त्या दिवशी जेवलाच नाही.

मुलगी प्रयोगशाळेत कामाला होती. माणसाच्या झोपेची वेळ ठरवणारी जनुकं तिथे तपासत. भावाचं तोंड बघून तिला राहवेना. "बाबा, घरातल्या सगळ्यांची लाळ द्या. दादा आळशी आहे की जन्मतःच तसा, कळू दे तरी."

"होऊन जाऊ दे!" म्हणत पाववाला ऐटीत नळीत थुंकला.

निकाल घेऊन ती आली. "हे एका जनुकावर ठरत नाही, नुसता कल कळतो. दादाचा कल उशिराकडे आहे."

"आईच्या माहेरचा गुण, दुसरं काय!"

"आई पक्की पहाटेची आहे. दादाने हे तुमच्याकडून घेतलंय. तुम्ही त्याच्याही वरताण आहात."

"काहीतरीच! नळ्या बदलल्या असतील. अगं, मी पहाटे उठतो, गल्लीला विचार!"

"उठता कसले? मी उठवते," बायको म्हणाली. "आधी हाका, मग पांघरूण ओढायचं, मग तोंडावर पाणी. तोवर माझं पीठ मळून होतं. मग तुम्ही पोत्यावर बसून डुलक्या काढता. तुम्हाला मी मिळाले, पोराला कुणी मिळाली नाही, एवढाच त्याचा गुन्हा."

पाववाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कमरेची किल्ली सोडून मुलापुढे धरली. "घे बाबा. चुकलंच माझं."

किल्ली बायकोने उचलली. "त्याला दुपारची केकची भट्टी द्या. सकाळची माझी. आणि उद्यापासून मी कुणालाही उठवणार नाही."

दुसऱ्या दिवशी पाववाल्याला जाग आली तेव्हा उन्हं छातीवर आली होती. तो धडपडत खाली पळाला. पाव छान फुगले होते, गिऱ्हाइकांची रांग लागली होती. मालक, आज कुठे होता, असं कुणीतरी विचारेल म्हणून तो जरा वेळ दारात उभा राहिला. कुणी विचारलं नाही.